रचित बिघाड

कर्बशोषक बंद पडला तेव्हा निनाद खैरमोडेला आनंद झाला.

खरं तर आनंद होण्यासारखं त्यात काही नव्हतं. 'अगस्ती' यानातला कार्बन डायऑक्साइड गिळणारं ते एकमेव यंत्र होतं. यान गुरूच्या वाटेवर इतकं पुढे आलं होतं, की पृथ्वीवरून आलेल्या 'कसे आहात?'ला दिलेलं 'बरे आहोत' पोचेपर्यंत माणूस बरा असेलच असं सांगता येत नव्हतं. पण निनाद यानाचा यंत्रज्ञ होता, आणि लहानपणापासून साहसखेळांवर वाढला होता.

"आला!" लाल दिव्याकडे बघत तो म्हणाला. "नवा आला!"

"निन्या, श्वासाचा प्रश्न आहे," डॉ. फरझाना मुकादम म्हणाली. ती यानाची वैद्य, मूळची श्रीवर्धनची. "निदान तोंड पाडून तरी सांग."

"रचित असणार गं. पैज लाव."

रचित बिघाड ही प्रा. इंद्रायणी देवस्थळींची कल्पना. बाई मेंदूशास्त्रज्ञ, पण तरुणपणी त्यांनी संगणकावरचे साहसखेळ लिहिले होते. उड्डाणापूर्वी त्यांनी निनादला प्रयोगशाळेत बोलावलं, डोक्याला तारा लावल्या आणि विचारलं, "आवडता खेळ कोणता?"

"डोंगरातला दीपस्तंभ," निनाद म्हणाला. "समुद्र नाही, तरी गावाला दीपस्तंभ आहे. तो पेटवायचा. पण तरफेवर एक बोकड झोपलाय. मी आणि माझी बहीण अख्खी दिवाळीची सुट्टी त्या बोकडापाशी अडकलो होतो."

"वैताग आला असेल."

"छे! आंघोळ करताना बोकड, फराळ करताना बोकड. दिसेल त्याच्याशी बोलायचं, दिसेल ते उचलायचं. इतकी मजा पुन्हा कधी आली नाही."

"आणि उठला कसा?"

"सनईवाल्यासमोर उभं राहून चिंच चोखायची. त्याच्या तोंडाला पाणी सुटतं, सूर बिघडतो, बोकड वैतागून निघून जातो."

बाईंनी अगदी गंभीरपणे मान हलवली, जणू बोकडांच्या बाबतीत हाच सर्वमान्य उपाय होता. "आता सांग, घाटात मोटार बंद पडली तर माणूस इतक्या मजेत बसेल का? अडकलेला तर दोन्हीकडे आहेच."

"मोटार सुरू होईलच असं नसतं ना. खेळात उत्तर असतंच. कुणीतरी आपल्या आधी तिथे येऊन चिंच ठेवून गेलेलं असतं."

"याला मी उत्तरहमी म्हणते," बाई म्हणाल्या. "आम्ही शंभर जणांना एकसारख्या बंद पेट्या दिल्या. निम्म्यांना सांगितलं, पेटी उघडतेच. उरलेल्यांना सांगितलं, कदाचित उघडणार नाही. या दुसऱ्यांनी चार शहाण्यासारखे उपाय केले आणि हात टेकले. पहिल्यांनी पेटी उलटी टांगली, तिला चमचा लावून पाहिला, एकाने तर गाणं म्हणून दाखवलं."

"गाण्याने उघडली?"

"चमच्याने. भीती वाटली की मेंदू शोधाचं वर्तुळ आवळतो, आणि हमी असली की सैल सोडतो. लांबच्या प्रवासात माणसं बिघाडाने मरत नाहीत, वर्तुळ आवळल्याने मरतात. म्हणून तुमच्या यानात आम्ही काही बिघाड रचून ठेवतोय. उत्तर यानातच असेल. एखादा बिघाड रचित आहे का, हे विचारलंत तर सांगेन. इशारा मात्र मिळणार नाही."

आतापर्यंतचे सगळे बिघाड रचितच निघाले होते. त्यामुळे यानावर एक रीत पडून गेली होती. काही मोडलं की आधी पृथ्वीला विचारायचं, मग तिघांनी कमरेला झोळ्या बांधून हाताला लागेल ते गोळा करत सुटायचं. कमांडर दिगंबर वऱ्हाडपांडेही झोळी बांधायचे. ते नागपूरचे, शिस्तीचे. उड्डाणापूर्वी त्यांनी स्वतः प्रत्येकाचं सामान तोललं होतं आणि निनादचं जुनं खेळयंत्र नि फरझानाची जास्तीची चप्पल पृथ्वीवरच ठेवायला लावली होती. "वजन म्हणजे वजन," एवढंच ते बोलले होते.

या वेळचं उत्तर आलं. पडद्यावर देवस्थळीबाई नेहमीसारख्या शांत होत्या. "रचित आहे. उत्तर यानातच आहे. शोधा."

निनादने शोषकाचं झाकण उघडलं. कार्बन डायऑक्साइड शोषून घेणाऱ्या दाण्यांना कुठूनतरी ओल लागून त्यांचं ढेकूळ झालं होतं. त्यातून हवा जातच नव्हती. हातोडीने फोडावं तर पीठ, सुरीने कापावं तर चकत्या. संध्याकाळपर्यंत तिघांचीही डोकी ठणकायला लागली. निनादने ढेकूळ किसणीवर किसून पाहिलं, फरझानाने इंजेक्शनच्या सुईने टोचून पाहिलं. वऱ्हाडपांडे सरांनी त्याच्याकडे नुसतं रोखून पाहिलं. मराठवाड्यातल्या एका उपअभियंत्यावर हा उपाय लागू पडल्याचा त्यांचा अनुभव होता.

दुसऱ्या दिवशी धान्याच्या कप्प्यात, कणकेच्या पिशव्यांमागे, निनादचा हात थंडगार पितळेला लागला.

पुरणयंत्र. दांड्याचं, जाळीचं, अस्सल.

"अगस्तीवर पुरणयंत्र!" तो ते डोक्यावर धरून तरंगत आला. "सर, बघा तरी! ज्या वस्तूला इथे असायचं काहीही कारण नाही, तिला कारण असतंच. हा पहिला नियम आहे."

सरांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "हवा खराब आहे," ते म्हणाले आणि खिडकीकडे वळले.

पुढचं सोपं होतं. ढेकूळ थोडं ओलं करायचं, यंत्रात घालायचं, दांडा फिरवायचा. जाळीतून बारीक शेवया बाहेर यायच्या आणि केबिनभर तरंगायच्या. फरझाना त्या पिशवीने पकडायची, भट्टीत वाळवायची आणि हाताने मोडायची. "माझ्या लग्नात एवढं काम केलं नव्हतं मी," ती म्हणाली. दाणे परत भरले, पंखा सुरू झाला, कार्बन डायऑक्साइडचा आकडा उतरायला लागला. तिघं जण शेजारी शेजारी तरंगत नुसता श्वास घेत राहिले.

निनादने लगेच पृथ्वीला निरोप पाठवला. "बाई, मानलं तुम्हाला. पुरणयंत्र! बोकडाच्याही वरताण."

उत्तर यायच्या आतच पंखा जळाला.

फरझाना तपासायला हवेच्या नळीत शिरली, आणि निनाद आकडेमोड करत बसला. पुरणाच्या जाळीतून पडलेले दाणे मूळच्या दाण्यांपेक्षा बारीक होते. बारीक दाण्यांतून हवा ओढायला पंख्याला जास्त जोर लागतो. मोटार तापली, जळाली. इतकं सरळ. आणि म्हणूनच त्याला ते खटकलं. चांगला खेळ लिहिणारा खेळाडूला अशी किल्ली देत नाही, जी लावल्यावर दार त्याच्याच अंगावर पडेल.

तेवढ्यात पडदा उजळला. देवस्थळीबाई दिसल्या. त्यांनी निनादचा निरोप नुकताच ऐकलेला होता. त्यांनी यानाच्या सामानाची यादी उलटून पाहिली. मग म्हणाल्या, "पुरणयंत्र." मग चष्मा काढला, पुसला, परत लावला. "हो. पुरणयंत्र. अर्थातच. शाब्बास."

पडदा विझला. निनाद सावकाश वळला. सर दाराशी होते.

"सर, ते यंत्र कुणाचं होतं?"

"माझं होतं," वऱ्हाडपांडे म्हणाले. "पोशाखाच्या आतून आणलं बे. होळीला पुरणपोळी नाही म्हणजे होळी कायची?"

"तुम्ही माझं खेळयंत्र उतरवलंत!"

"त्यात पुरण निघते का?"

एरवी निनाद या अन्यायावर आठवडाभर बोलला असता. आता त्याला बोलायला वेळ नव्हता. जे यंत्र पृथ्वीवर कुणाला ठाऊकच नव्हतं, ते कुणाच्या कोड्याचं उत्तर कसं असेल? मग त्याने मागचे बिघाड आठवले. पाण्याची गळती त्याच्या स्वतःच्या जुन्या रबरी बुटाने थांबली होती. अँटेना फरझानाच्या केसांच्या चापाने वळली होती. एकेक किल्ली त्यांनी आपापल्या घरून आणली होती. आधी येऊन कुणी काहीही ठेवून गेलेलं नव्हतं. बिघाड खरे होते. सगळेच.

"तुम्हाला कधी कळलं?" त्याने विचारलं.

"गळतीच्या वेळी. तुमच्या त्या खेळांतलं मला काही समजत नाही, पण ठेकेदाराचं कच्चं काम मी ओळखतो." सरांचा आवाज खाली आला. "त्या बाईने चूक केली असं नको समजू. तेव्हा तिनं खरं सांगितलं असतं, तर तू बूट लावून पाहिला असता का?"

"नाही. घाबरून झडपा आवळत बसलो असतो."

"तेच. मला समजलं त्या दिवसापासून मला एक उपाय सुचला नाही राजा. मी नुसता झोळी बांधून तुमच्या मागं फिरतो."

निनादने जळलेल्या मोटारीकडे पाहिलं. कालपर्यंत अशा वस्तूकडे पाहिलं की तिच्यातून दहा वाटा फुटायच्या. आता ती फक्त जळलेली मोटार होती. हवेचा आकडा पुन्हा चढायला लागला होता, आणि त्याला एकच गोष्ट सुचत होती. सुटी मोटार यानात नाही. हीच गोष्ट पुन्हा पुन्हा सुचत होती. वर्तुळ आवळतं म्हणजे काय होतं, ते त्याला आतून कळलं.

नळीतून फरझानाचा आवाज आला. "निन्या! हाही रचितच ना रे?"

सर त्याच्याकडे बघत होते. खेळणारं माणूस यानावर आता एकच उरलं होतं.

"पृथ्वीला विचारलंस का?" ती पुन्हा ओरडली.

"विचारलं," निनाद म्हणाला. "रचित आहे. उत्तर यानातच आहे."

"मग ठीक!" आतून खडखडाट ऐकू आला, मग तिचं गुणगुणणं. तिने पंख्याची पाती काढली. पाती स्टेथोस्कोपच्या नळीने फिरवून पाहिली, इस्त्रीला जोडून पाहिली. एकदा तिने झारा मागितला, निनादने दिला. झाऱ्याचं तिने काय केलं ते कळलं नाही, पण तो वाकडा होऊन परत आला. डोकेदुखी वाढत गेली. गुणगुणणं मंदावलं.

"इशारा दे ना रे थोडा," ती शेवटी म्हणाली. "तू असले शंभर खेळ खेळलायस. इतकंच सांग, मी जवळपास तरी आहे का?"

निनादला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. कोडं लिहिणाऱ्याला उत्तर ठाऊक असतं असं तो जन्मभर धरून चालला होता.

"खूप जवळ आहेस," तो म्हणाला. "हात पुढे केलास तर लागेल."

सरांनी डोळे मिटले होते. मग नळीच्या पत्र्यावर आतून थाप पडली.

"ही भिंत! निन्या, या भिंतीपलीकडे काय आहे?"

"व्यायामाची सायकल."

"सायकलचा पट्टा! झाकण काढून पट्टा इकडे घेतला की पंख्याच्या दांड्यावर बरोबर बसतो. अरे, बरोब्बर बसतो!" ती नळीतून बाहेर आली. कपाळाला काळं लागलेलं, डोळे चमकत होते. "पंख्याच्या पाठीला सायकल लावून ठेवायची! कुठल्या भन्नाट डोक्यातून आलं असेल हे? ज्याने कुणी रचलं ना, त्याचा आपल्यावर फार जीव असला पाहिजे."

सायकल तिथे का आहे ते निनादला ठाऊक होतं. तिच्यासाठी दुसरीकडे जागाच उरली नव्हती.

"असेल," तो म्हणाला.

पट्टा चढवायला थोडा वेळ गेला. मग निनाद सायकलवर बसला, पाय पट्ट्यांत अडकवले आणि जोर लावला. भिंतीमागे पाती हलली. हवा सुटली. फरझाना हातातल्या मापकाच्या आकड्याकडे बघत हसत होती आणि पुढचा बिघाड केव्हा येतो, असं विचारत होती.

"येईल लवकरच," सर तिला म्हणाले, मग निनादच्या कानाशी वाकले. "तू पायडल मार बे, तिच्याकडं नको पाहू."