ड्रायरची उरलेली ऊब

कांदा वाळवणाऱ्या कारखान्याच्या मागच्या दारात तिने पोतं उचललं आणि पोत्यानं दगा दिला. शिवण उसवली, वारा सुटला आणि तांबूस साली समोरून येणाऱ्या ड्रायरवाल्याच्या डोक्यावर, खांद्यावर…

“स्वागत जोरात आहे हो तुमचं!”

“हसू नका, वेचू लागा. माझा अभ्यास उडालाय!”

अभ्यास खराच होता. या सालींतून आरोग्याला पोषक असं पिवळं द्रव्य काढायचं, म्हणून ती प्रयोगशाळेत दीड वर्ष डोकं फोडत होती. पण ओलसर सालींना बुरशी धरायची आणि मेहनत पाण्यात जायची. मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं – महिनाभरात नीट अर्क निघाला नाही, तर विषय बंद.

त्या दिवसापासून मात्र नशीब उघडलं. ओळीने तीन आठवडे अर्क झकास! तिला वाटलं, आपल्या नव्या द्रावणाची कमाल. पोतं न्यायला आली की ती ड्रायरवाल्यापुढे बढाया मारायची. तो गुपचूप मान डोलवायचा… नजर तेवढी खट्याळ.

चौथ्या आठवड्यात पुन्हा बुरशी. “द्रावण तेच, मग बुरशी कशी?” म्हणत ती तावातावाने आली, तर कांदे निवडणारी मावशी तिच्यावरच उखडली.

“द्रावण कसलं डोंबलाचं! कामाची पाळी संपली की तो ड्रायरवाला रोज तुझ्या साली ड्रायरच्या उरलेल्या उबेवर पसरायचा, तासभर हलवत बसायचा. या आठवड्यात तापाने पडला होता. आज आलाय बघ.”

ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. महिना संपायला चार दिवस होते. पण जास्त लाज वाटत होती ती त्या बढायांची.

“बोलला का नाहीत?”

“तुम्ही इतक्या खुशीत सांगायचात… तुमचं मन मोडवेना.”

“पण केलंत कशासाठी?”

तो ट्रे पुसत राहिला. “दहा वर्षं या साली आम्ही पायाने ढकलतोय. त्या दिवशी तुम्ही गुडघ्यांवर बसून एकेक वेचलीत… बरं वाटलं बघून.”

तिचे डोळे भरून आले. त्याच संध्याकाळी तिने सरांना खरं ते सांगून टाकलं. किती ऊब, किती वेळ, सगळं त्याच्याकडून लिहून घेतलं. चौथ्या दिवशी अर्क निघाला, विषय वाचला आणि ती तडक कारखान्यात आली.

“ही तुमची,” तिने पिवळीधमक बाटली त्याच्या हातात ठेवली. “उपकार कसे फेडू, कळत नाही हो.”

“फेडू नका ना. राहू द्या थोडे… त्या निमित्तानं येत राहाल.”

“निमित्त?” ती लाजली, पण नजर काही वळवली नाही. “आज पोतं दिसतंय का माझ्याकडे? तुमच्यासाठीच आलेय मी.”