नारिंगी खोळीचं कोडं

“परत तेच!” थियाने टॅब्लेट टेबलावर आपटता आपटता स्वतःला सावरलं. “‘हे सिम चालणार नाही.’ काल चाललं नाही, आज चालत नाही. मग चालणार तरी कधी?”

“फुंकर मार,” रोली म्हणाला.

“मारली. पुसून झालं. बंद करून चालू करून झालं.”

“मग एक चापट मार.”

“तुला मारू?”

रोली थियाचा मावसभाऊ. नाताळच्या सुट्टीसाठी पोर्टलंडहून स्पिंडल बेटावर आला होता. वाटेत बोटीत यथेच्छ ओकूनही त्याची बडबड काही कमी झाली नव्हती. आत्तासुद्धा त्याच्या दोन्ही हातांत काकवीची बिस्किटं होती.

शेगडीजवळ एल्डन आजोबा गुपचूप बसले होते, आणि गुपचूप बसलेले आजोबा थियाला मुळीच आवडत नसत. उद्या नव्या वर्षाचा पहिला दिवस. म्हणजे बेटावरचा सगळ्यांत मोठा सण! उद्या सकाळी सगळ्या होड्या एकदम बंदराबाहेर पडणार आणि लॉबस्टर, म्हणजे शेवंडं, पकडायचे पिंजरे समुद्रात सोडणार. एखाद्याची होडी तयार नसेल, तर ती तयार होईपर्यंत बाकी सगळे थांबणार. बेटाचा कायदाच होता तसा. आणि यंदा वेधशाळेने परवा वादळ येणार म्हणून सांगितलं होतं. थांबायला कुणाला वेळच नव्हता.

आजोबांचे पिंजरे तयार होते. होडी तयार होती. तयार नव्हती ती फक्त थियाची आई.

“बाबा, तुमच्या छातीवरचे टाके आत्ता कुठे वाळलेत,” आई स्वयंपाकघरातून म्हणाली. “होडी कुठे आहे ते तुमच्या टॅब्लेटवरून मला माझ्या फोनवर दिसलं पाहिजे. नाही दिसलं, तर जायचं नाही. हे शेवटचं सांगतेय!”

“रेडिओ आहे ना होडीवर,” आजोबा पुटपुटले.

“आहे की! बंद करून ठेवायला!”

रेडिओवरच्या गप्पा ऐकून डोकं उठतं म्हणून आजोबा तो कायम बंद ठेवत, आणि हे अख्ख्या बेटाला ठाऊक होतं.

सगळा घोळ झाला होता नोव्हेंबरच्या तुफानामुळे. टेकडीवरचा जुन्या मोबाइल कंपनीचा टॉवर आडवा झाला, आणि कंपनीने हात वर केले. मग दुसऱ्या कंपनीने आपला टॉवर उभारला आणि घरोघर नवी सिमं पाठवली. पण आजोबांचा टॅब्लेट जुन्या कंपनीकडून घेतलेला. तिचं लॉक होतं त्याला! दुसऱ्या कुणाचं सिम घातलं की तो तोंड फिरवायचा. लॉक काढायचं काम कंपनीचंच. आजोबांनी रीतसर विनंती केली. कंपनीचं उत्तरही आलं, ‘लॉक काढलं आहे. धन्यवाद!’

कंपनी म्हणते काढलं आणि टॅब्लेट म्हणतो नाही काढलं. दोघांपैकी खोटं कोण बोलतंय?

“जाऊ दे गं, थिया,” आजोबा उठले. “मी दुकानात जाऊन सांगून येतो, यंदा एल्डन येणार नाही. उगाच सगळ्यांचा खोळंबा नको.”

त्यांचा आवाज अगदी साधा होता. दोन महिन्यांपूर्वी इस्पितळात खिडकीबाहेर बघत पडलेल्या आजोबांनी तिला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती, ‘पिंजऱ्यांच्या दिवशी मी पाण्यावर असेन.’

“थांबा!” ती ओरडली. “दुकानात जायचंच आहे ना? मग मीही येते. मला त्या कंपनीशी बोलायचंय!”

बेटावरच्या एकुलत्या एका दुकानात तारेवरचा फोन होता आणि वायफायही. आजोबांनी नाव-पत्ता सांगून, “आता माझी नात बोलेल, मला यातलं काही कळत नाही,” असं म्हणत फोन थियाच्या हातात दिला. पलीकडची बाई भलतीच गोड बोलत होती.

“आमच्याकडे लॉक निघालेलंच दिसतंय, बाळा.”

“मी बाळ नाहीये, बारा वर्षांची आहे. तुम्ही कुठल्या टॅब्लेटचं लॉक काढलंत? त्याचा ओळखक्रमांक वाचा ना!”

बाई वाचू लागली. थियाने टॅब्लेटच्या सेटिंगमध्ये जाऊन तोच क्रमांक उघडला आणि एकेका आकड्यावर बोट ठेवत गेली. सुरुवात जुळली. मध्यही जुळला. शेवटाला मात्र बोट थबकलं.

“शेवट काय म्हणालात?”

“सात शून्य चार.”

“इथे सात एक नऊ आहे!” थियाने आ वासला. “रोली! हा आजोबांचा टॅब्लेटच नाहीये!”

“काहीतरीच काय!” रोलीने बिस्किट घाईघाईने गिळलं. “खोळ बघ की. नारिंगी, मधे पांढरा पट्टा. आजोबांचाच रंग!”

आता स्पिंडलवर रंग म्हणजे काय, तर रंग म्हणजे माणसाची ओळख. प्रत्येकाच्या पिंजऱ्यावर तरंगणाऱ्या बोयाचा रंग ठरलेला. तोच रंग होडीला, तोच डब्यांना, तोच बुटांनाही. दुसऱ्याच्या रंगाला हात लावणाऱ्याला बेटावर कुणी चहासुद्धा विचारत नसे. त्यामुळे नारिंगी खोळीतला टॅब्लेट एल्डनचा नसेल, ही शंका कुणाच्या स्वप्नातही आली नव्हती.

“रंग खोळीला असतो,” थिया हळूच म्हणाली. “टॅब्लेटला नाही!”

“असाच टॅब्लेट अजून कुणाकडे आहे?”

“एकाच माणसाकडे. आजोबांच्याच सुमारास मागवलेला.” तिने कपाळावर हात मारला. “हॉलिसआजोबा!”

“मेलो!” रोली म्हणाला.

एल्डन आणि हॉलिस यांच्यात वर्षानुवर्षं अबोला होता. कारण? चार जुलैची होड्यांची शर्यत. दोघंही म्हणत होते, मी जिंकलो! पंचांनी तेव्हा नेमका डोळ्यांत गेलेला डास काढायला रुमाल लावला होता.

नशीब असं की हॉलिसची नात जूनी ही थियाची जिवलग मैत्रीण. तिला सगळं सांगताच तिचे डोळे चमकले.

“आजोबा शेडमध्ये जाळ्याच्या दोऱ्या ओवता ओवता घोरतायत. चला!”

“आम्ही आत येणार नाही,” थिया म्हणाली. “तिथे सगळं हिरवं-पिवळं. तुमचा रंग!”

“मग खिडकीशी उभे राहा. मी घरचीच आहे!”

खिडकीच्या काचेवर बर्फाची जाळी धरली होती. रोलीने ती हातमोज्याने घासली आणि दोघांनी नाकं काचेला चिकटवली. आत हॉलिस खुर्चीत मागे रेलून जोरजोरात घोरत होते. जूनी चवड्यांवर चालत फळीपाशी गेली, हिरवा-पिवळा टॅब्लेट उतरवला आणि त्याचा ओळखक्रमांक उघडून स्क्रीन खिडकीच्या काचेला लावली.

“सात... शून्य... चार!” रोली कुजबुजला. “आयला, हाच तो!”

थिया हातवारे करू लागली. हॉलिसआजोबांना आलेलं नवं सिम! ते कुठेय? जूनीला बरोब्बर कळलं. ते पाकीट खणात न उघडता पडलं होतं, कारण हॉलिसना नव्या कंपनीचं काहीच नको होतं. जूनीने कानातल्या डुलाच्या टोकाने कप्पा उघडला, जुनं सिम काढलं, नवं सरकवलं. स्क्रीन क्षणभर विचारात पडली. मग कोपऱ्यात सिग्नलची एक दांडी उगवली, दुसरी उगवली, सगळ्याच उगवल्या!

“चाललं!” तिघं एकदम किंचाळली.

हॉलिस खुर्चीसकट ताडकन सरळ झाले. “कोण बुडालं? कोण बुडालं रे?”

थोड्याच वेळात हॉलिसच्या शेडच्या उंबऱ्याशी सगळी जमली. थियाने आजोबांना आणि आईलाही ओढत आणलं होतं. आजोबा उंबऱ्याबाहेर, हॉलिस आत, आणि दोघंही छताकडे बघत होते.

“टॅब्लेट आले तेव्हा खोळी रंगवल्या कुणी?” थियाने विचारलं.

“मी,” आई म्हणाली. “बेटावरचं सगळं मीच रंगवते. दोन्ही टॅब्लेट खोळीतून काढले, खोळी शेगडीजवळ वाळत घातल्या, मग परत...” ती एकदम थांबली. तिचे कान लाल झाले. “अगं बाई!”

“आई!” थिया कंबरेवर हात ठेवून म्हणाली. “आणि कालपासून आमच्यावर ओरडतेयस!”

“म्हणजे हॉलिसआजोबा,” रोलीने खुलासा केला, “लॉक निघालं ते तुमच्या हातातल्याचं. आमचं अजून तसंच आहे, कारण तो टॅब्लेट तुमच्या नावावर आहे. तुम्ही कंपनीला विनंती करायला हवी!”

“मी? याच्यासाठी?” हॉलिसने नाक मुरडलं. “हा कोण लागून गेला?”

आजोबा जायला वळले. थियाला रडूच येणार होतं. पण रडण्याऐवजी तिच्या डोक्यात झटकन एक युक्ती आली!

“काही हरकत नाही,” ती अगदी शहाण्या मुलीसारखी म्हणाली. “नका करू. मग आपापले टॅब्लेट परत घेऊन टाका. हा नारिंगीतला तुमचा, हिरव्यातला आजोबांचा. हं, आता आजोबांच्या पिंजऱ्यांच्या सगळ्या गुप्त जागा यात आहेत, त्या तुम्हाला मिळतील. आणि तुमच्या सगळ्या गुप्त जागा...”

“चला, दुकानातून फोन करतो!” हॉलिस गरजले. त्यांचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता.

दाराबाहेर आजोबांना कसलातरी जोरदार खोकला लागला. तो खोकला हसण्यासारखाच वाटत होता.

दुसऱ्या दिवशी उजाडताच सगळं बेट धक्क्यावर लोटलं. लहानथोर सगळेच पिंजरे होड्यांवर चढवत होते. तोंडातून वाफा निघत होत्या. सगळ्या होड्या तयार होत्या आणि सगळे एल्डनसाठी थांबले होते. कुणी कुरकुरलं नाही, पण जो तो आभाळाकडे बघत होता. दुकानात थिया नारिंगी टॅब्लेट छातीशी धरून बसली होती. कंपनीचा निरोप आला! तिने जुनं सिम काढलं. बोटं गारठलेली. नवं सिम आत गेलं.

“फुंकर मारू?” रोलीने विचारलं.

“मार बाबा, मार!”

त्याने फुंकर मारली, आणि दांड्या उगवल्या! थिया टॅब्लेट डोक्यावर धरून बर्फातून धक्क्यावर धावत सुटली. “चाललं! आजोबा, चाललं! सगळे निघा!”

टॅब्लेट आजोबांच्या होडीत गेला आणि भोंगे वाजले. पिंजऱ्यांनी लदलेल्या होड्या एकामागून एक बंदराबाहेर पडल्या. आई फोनकडे डोळे लावून होती. नारिंगी ठिपका हलला तेव्हा ती हसली आणि लगेच तिने डोळे पुसले. जूनीने आपल्या आजोबांचा ठिपकाही तिथेच दाखवायची सोय केली होती. दोन ठिपके शेजारी शेजारी चालले होते.

“हे इतके जोरात का चाललेत?” आईने विचारलं.

“शर्यत!” तिन्ही मुलं ओरडली.

“देवा! छातीवर टाके आहेत म्हटलं ना मी!”

धक्क्यावरच्या रेडिओत खरखर झाली. सगळ्यांच्या माना वळल्या. कारण आवाज एल्डनचा होता, ज्यांचा रेडिओ कायम बंद असायचा!

“धक्का, मी एल्डन बोलतोय. मी पाण्यावर आहे. थिया ऐकतेय ना?”

“ऐकतेय, आजोबा!”

“शाबास, पोरी! रोली, जूनी, तुम्हालाही शाबास. आणि सगळ्यांनी ऐकून ठेवा, हॉलिस आत्ता माझ्या पुढे आहे. मान्य. पण त्या चार जुलैला मीच जिंकलो होतो!”

“खोटारड्या!” दुसरा आवाज घुसला. पण तो हसत होता. “संध्याकाळी शिंपल्यांचं सूप प्यायला ये, मग सांगतो कोण जिंकलं ते. येताना त्या पोरांनाही आण. आणि एल्डन, रेडिओ चालू ठेव!”

“ठेवतोय,” आजोबा म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांनी तो खरंच बंद केला नाही.