डावीकडचा चौकोन

वहिनीचा फोन आला तेव्हा मी पानं लावत बसले होते. शाळेची पुस्तकं छापायला जाण्याआधी मजकूर आणि चित्रं पानात नीट बसवायची, हे माझं काम. घरूनच करते.

"ह्यांची खोली रंगवायला काढलीये," वहिनी म्हणाली. "कपडे दिले, पुस्तकं दिली. तेवढा मॉनिटर राहिलाय. भंगारात घालायला हात धजत नाही बघ. तू नेतेस?"

दादाला जाऊन दोन हिवाळे झाले होते. हे काम त्यानेच मला शिकवलेलं, आणि शिकवताना याच मॉनिटरवर त्याच्या बोटांचे ठसे उमटायचे. मी हो म्हटलं. एका जुन्या चादरीत गुंडाळून, मांडीवर मूल घ्यावं तसा टॅक्सीतून घरी आणला. मलाही दुसरा पडदा हवाच होता. एकीकडे मजकूर, एकीकडे चित्रं ठेवली की काम सोपं होतं.

त्या मॉनिटरचा प्लग जुना, निळा, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेला. माझ्या नव्या मशिनला तसं भोकच नव्हतं. बाजारातून मधला जोड आणला, चिमटीत धरून स्क्रू पिळले, आणि दादाचा मॉनिटर माझ्या मॉनिटरच्या डावीकडे ठेवून बटण दाबलं. पडदा हळूहळू उजळला, जरा पिवळट. तापलेल्या धुळीचा वास आला आणि त्यामागोमाग अगदी पुसटसा बामचा. दादा कपाळाला चोळायचा तो. इतकी वर्षं कपाळ पडद्यापाशी नेऊन बसत होता माणूस, वास मुरला असेल, असं मी मनाशी म्हटलं.

मग सेटिंग उघडलं. कुठला पडदा कुठे आहे, हे तिथे चौकोन सरकवून सांगावं लागतं. दोन चौकोन दिसायला हवे होते. तीन दिसले.

'ओळखा' असं बटण असतं, ते दाबलं. माझ्या मॉनिटरवर ठळक एकचा आकडा आला, दादाच्या मॉनिटरवर दोनचा. तीन कुठेच आला नाही. चित्रात तिसरा चौकोन दादाच्या मॉनिटरच्याही डावीकडे होता. तिथे तर माझी कोरी भिंत.

दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो हसला. "होतं तसं, ताई. नसलेला पडदा दिसतो मशिनला. जोड ढिला असेल, दुसरं काय! बंद करून टाका तो, नाहीतर उघडलेलं काहीतरी तिकडे जाऊन बसेल आणि तुम्ही शोधत राहाल."

मी बंद करणारच होते. पण सहज म्हणून माउसचा बाण डावीकडे ढकलला. माझ्या पडद्यावरून दादाच्या पडद्यावर, तिथून कडेपलीकडे. बाण भिंतीत गेल्यासारखा नाहीसा झाला. मला लहानपण आठवलं.

आमच्या घरी पहिला कॉम्प्युटर आला तो बाबांच्या ऑफिसातून काढून टाकलेला. मशीन एक, पोरं दोन. कीबोर्ड दादाचा आणि माउस माझा, अशी वाटणी बाबांनीच करून दिली होती. म्हणून माझं नाव उंदीर पडलं. "ए उंदरा, कुरतडू नकोस, मला लिहू दे!" घरात दिवसभर हेच. पण चित्रं काढायची असली की माउस दोघांचा. पानाच्या मधोमध उभी रेघ मारायची. उजवा अर्धा माझा, डावा त्याचा. मी अर्धं घर काढलं की डोळे मिटायचे, आणि उघडेपर्यंत त्याने उरलेलं पूर्ण करायचं. रेघ ओलांडायची नाही, एवढा एकच नियम. दादाला चित्रकला येत नव्हती. माणसाचे पंजे तर अजिबातच नाहीत. बोटांच्या जागी गोळे काढून मोकळा व्हायचा. "मुठी आवळल्यात त्याने. रागावलाय," म्हणायचा, आणि आम्ही पोट धरून हसायचो.

मी चित्रांचं कोरं पान उघडलं. अर्धं दादाच्या पडद्यावर ठेवलं, अर्धं डावीकडे, नसलेल्या पडद्यावर ढकललं. दिसणाऱ्या भागात अर्धं घर काढलं. छप्पर, खिडकी, अर्धा दरवाजा. आणि वेड्यासारखे डोळे मिटले.

दुपार होती, पण पडद्यावर उजेड चमकू नये म्हणून मी खिडक्यांवर जाड पडदे ओढून ठेवते. खोलीत मॉनिटरची बारीक गुणगुण तेवढी चालू होती. त्या गुणगुणीत, डाव्या हाताला, टक... टक टक... असा माउस दाबल्याचा आवाज आला. माझा माउस माझ्या मुठीत होता.

मी पान अलीकडे ओढलं. घर पूर्ण झालं होतं. दरवाजा वाकडा, धूर गोल गोल, आणि शेजारी एक माणूस. पंजांच्या जागी दोन गोळे.

भीती वाटायला हवी होती. मी आधी खो खो हसले, मग टेबलावर डोकं ठेवून रडले.

त्यानंतर मी रोज बसू लागले. अर्धी होडी काढली की उरलेली होडी यायची, अर्धी सायकल काढली की उरलेलं चाक यायचं, नेहमीसारखं अंड्याच्या आकाराचं. बाबांचा चष्मा काढला तर एका काचेला त्याने तडा दाखवला. ती त्यानेच फोडली होती, हे आम्हा दोघांपलीकडे कुणाला ठाऊक नव्हतं. प्रकाशकाचे फोन वाजून थांबायचे. तापमान आणि वाऱ्यांचा धडा तसाच अर्धवट पडला होता. जेवण कधी व्हायचं, कधी नाही.

फोन उचलत नाही म्हणून एका संध्याकाळी वहिनी दारात उभी राहिली. माझ्याकडे बघून म्हणाली, "आरशात तोंड पाहिलंस का? काय झालंय तुला?"

मी सांगितलं. लपवायचं तरी किती? पडद्यावर एकेक चित्र उघडून दाखवलं. ती पुढे वाकून बघू लागली. गोळ्यांच्या पंजांपाशी तिने पडद्याला बोट लावलं. मला वाटलं, रडेल. पण ती माझ्याकडे वळली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते.

"इतके दिवस एकटीच बसत होतीस त्यांच्याजवळ? मला एक फोन करावासा वाटला नाही तुला?"

 मी उठून तिला माझी खुर्ची दिली आणि स्वतःसाठी दुसरी ओढून उजवीकडे बसले.

वहिनीला माउस नीट धरता येत नव्हता. तिने कापऱ्या रेघांनी अर्धं टेबल काढलं. टेबलावर, अगदी आपल्या बाजूला, चहाचा कप. मग डोळे मिटून घेतले.

या वेळी टकटक बराच वेळ चालली. सावकाश. जपून. बामचा वास दाटला आणि त्याखाली आणखी एक वास होता, बंद ठेवलेल्या ओल्या कपड्यांसारखा.

मी पान ओढलं.

टेबल पूर्ण झालं होतं. आणि तिकडून एक हात आला होता. मधली रेघ ओलांडून वहिनीच्या बाजूला, थेट कपापर्यंत. हाताला बोटं होती. पाचही. प्रत्येक पेरावरची सुरकुती काढलेली, प्रत्येक नख रेखलेलं.

"चहा मागतायत," वहिनी पुटपुटली. ती हसत होती. "बघ ना... चहा मागतायत."

मी तिचा खांदा धरला. "वहिनी, दादाला बोटं काढता येत नाहीत."

"शिकले असतील."

"वहिनी... हा दादा नाही."

"गप्प बस!"

मी तिच्या हाताखालून माउस ओढून घेतला, सेटिंग उघडलं, तिसऱ्या चौकोनावर गेले आणि तो बंद केला. दोन्ही पडदे क्षणभर काळे झाले. परत उजळले तेव्हा चौकोन दोनच होते, आणि माझ्यासमोर नेहमीचा प्रश्न आला होता. हे बदल ठेवायचे का? खाली दोन बटणं. 'ठेवा' आणि 'पूर्ववत करा'. काहीच दाबलं नाही, तर थोड्या वेळाने सगळं आपोआप पूर्ववत होतं. खाली सेकंद उलटे मोजले जात होते.

मी 'ठेवा'कडे निघाले, तोच वहिनीने माझं मनगट धरलं. तिच्या पकडीत एवढं बळ असेल असं मला वाटलं नव्हतं. माउसवरून माझा हात सुटला.

"राहू दे," ती म्हणाली. "आपोआप येतंय ना परत? मग येऊ दे. तुझा भाऊ तुझा होता, पण मी तर... येऊ दे गं."

"वहिनी, सोड."

"येऊ दे."

आकडे उतरत होते. मी हात सोडवायचं थांबवलं. खरं सांगते, त्या क्षणी मलाही वाटलं, येऊ दे. कुणी का असेना, सायकलचं चाक तर त्याच्यासारखंच काढतं.

तेवढ्यात बाण हलला.

माउसला कुणाचाच हात लागलेला नव्हता. बाण थोडा डगमगला, मग सरळ रेषेत 'ठेवा'वर जाऊन थांबला. टक. प्रश्न गेला. दोन चौकोन राहिले.

वहिनीने माझं मनगट सोडलं. तिच्या गालांवरून आता पाणी वाहत होतं. "त्यांनीच दाबलं," ती म्हणाली. "त्यांनीच नको म्हटलं आपल्याला." मीही रडले. किती हलकं वाटलं म्हणून सांगू! चित्रातलं ते जे काय होतं, त्याला दादाने पलीकडेच अडवलं होतं, जाता जाता दार लावून घेतलं होतं. त्याचा स्वभावच तसा.

सेटिंग मिटवायला मी पुन्हा माउसकडे हात नेला. आणि मग माझ्या लक्षात आलं. बाण हलला तेव्हा तिसरा पडदा आधीच बंद झाला होता. पलीकडे काही उरलंच नव्हतं. तर मग हलवणारा, पलीकडून कसा...

मी वहिनीला विचारणार होते. पण ती माझ्याकडे बघत नव्हती. आम्हा दोघींच्या मधल्या रिकाम्या जागेकडे बघत होती, मान थोडी वर करून, उभ्या माणसाकडे बघावं तशी. मग तिने डोळे पुसले आणि अगदी सवयीने, आपली खुर्ची जराशी बाजूला सरकवून मधे एका माणसापुरती जागा केली.