गरुडस्वार गप्प का बसला

माझी दाढ तुटली ती पेनाच्या टोपणावर. कोर्टात समोरचे वकील तेच तेच घोळवून बोलत होते, मध्ये उठायची सोय नव्हती, म्हणून मी टोपण चावत बसले होते. कट्ट... असा आवाज आला आणि क्षणभर वाटलं, टोपण गेलं. टोपण शाबूत होतं.

जेवणाच्या सुट्टीत गालावर हात धरून मी समोरचा रस्ता ओलांडला आणि दातांच्या डॉक्टरची पहिली पाटी जिथे दिसली तो जिना चढले. काउंटरमागे, चष्मा कपाळावर चढवलेल्या एक मावशी स्वेटर विणत होत्या. आपण डॉक्टरांची सख्खी मावशी आहोत हे त्यांनी मी बसायच्या आधीच सांगितलं, आणि डॉक्टरांचं अजून लग्न व्हायचंय हे बसल्यावर. मला दाढेपुढे काही सुचत नव्हतं. वाचा काहीतरी, म्हणून त्यांनी टेबलाकडे बोट दाखवलं.

टेबलावर ‘वाऱ्याचा किल्ला’ होता. भाग पहिला.

शाळेत असताना या चित्रकथेपायी मी आणि दादा एकमेकांचे केस उपटायचो. उंच कड्यावरचा किल्ला, त्यात अडकलेली वीजकन्या, तिला सोडवायला येणारा गरुडस्वार आणि दोघांच्या आड येणारा धुराचा राजा. अकरा भाग होते. त्यातले दहा मला पाठ होते. अकरावा दादाने आधी वाचला आणि माझ्या हाती लागायच्या आत वर्गातल्या कुणाला तरी चेंडूच्या बदल्यात देऊन टाकला. शेवट त्याने मला तोंडी सांगितला. गरुडस्वाराने विचारलं, ती हो म्हणाली, आणि दोघांना घेऊन अख्खा किल्ला ढगांत उडाला... त्या शेवटावर मी लहानाची मोठी झाले. पुढे वकील झाले, घटस्फोटांची कामं घेतली, रोज मोडलेले संसार पाहिले, तरी माझ्या मनात तो किल्ला आपला उडतच होता.

आणि आता इतक्या वर्षांनी वाचायला घेतलं तर चौथ्या पानावर माझं डोकं फिरलं. ही बाई बोटांतून वीज काढते आणि दिवसभर खिडकीत बसून वाट बघते? किल्ल्याला जिना आहे. चित्रात चक्क दिसतोय. बरं, तो तरी? गरुडावर बसून तिच्याभोवती घिरट्या घालतो आणि वरूनच भाषणं ठोकतो. खाली उतर ना बाबा एकदाचा. लहानपणी मला हिच्यासारखं व्हायचं होतं, या विचाराने दाढेपेक्षा जास्त ठणका लागला.

आत बोलावलं तेव्हा अंक माझ्या हातातच राहिला होता. डॉक्टरांच्या मास्कच्या वर फक्त डोळे दिसत होते – जरा थकलेले, कडेला हसण्याच्या बारीक सुरकुत्या पडलेले. त्यांनी दाढ पाहिली, रूट कॅनॉल करावं लागेल म्हणाले, इंजेक्शन दिलं आणि गालात कापसाचे बोळे कोंबले. मग, माझं तोंड पुरतं बंद झाल्याची खात्री पटल्यावर, म्हणाले,

“गरुडस्वारासारखा प्रियकर पुन्हा झाला नाही. नाही का?”

मी हात हलवला. त्यांनी तो अलगद खुर्चीच्या दांड्यावर ठेवला.

“विचार करा, सात वेळा किल्ल्याला प्रदक्षिणा घालतो माणूस. कुणासाठी? जिने अजून त्याच्याकडे धड पाहिलंही नाही तिच्यासाठी...”

“आँ, आँ-ऑ ओआ!” मी म्हणाले.

“हो, जिना होता,” ते शांतपणे म्हणाले. “पण जिन्याने आला असता तर दहा भाग कसे झाले असते?”

बोलणं हे माझं पोट. आणि इथे हा माणूस माझ्या जबड्यात दोन्ही हात घालून बिनविरोध युक्तिवाद करत होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. त्यातून संताप असा, की माझी कापसातली बडबड त्यांना अक्षरन् अक्षर कळत होती. मी मनात मुद्दे जुळवत राहिले. बोळे निघाले, चूळ भरली, आणि मी वळले –

डॉक्टर पाठमोरे होऊन हात धूत होते.

“पुढच्या बुधवारी,” ते नळाला म्हणाले. “थंड खाऊ नका.”

त्यांचे कान लाल झाले होते.

मग दर बुधवारी हेच. मी लवकर जायची, मावशी पुढचा भाग काढून ठेवायच्या, मी तो वाचून चिडायची आणि चिडलेलीच खुर्चीत जाऊन बसायची. तोंडात कापूस गेला की डॉक्टरांची कळी खुलायची. धुराच्या राजाची बाजू, गरुडाच्या स्वभावाची बाजू, अगदी वीजकन्येच्या खिडकीच्या दिशेवरही त्यांचं मत होतं. एकदा म्हणाले की तुमच्यासारखी वकील असती तर ती दुसऱ्या भागातच सुटली असती, आणि मग आमच्यासारख्यांनी काय वाचायचं... हे बोलताना मास्कवरचे डोळे माझ्या दाढेकडे नव्हते. मला ते कळलं, आणि गाल बधिर असूनही गरम झाला.

कापूस निघाला की सगळा खेळ खलास. बुधवार, थंड खाऊ नका, नळ. मी एकदा मुद्दाम थांबून विचारलं की गरुडस्वाराबद्दल तुम्ही जे म्हणालात ते खरंच मनापासून म्हणालात का. ते बराच वेळ एक चिमटा पुसत राहिले आणि शेवटी म्हणाले, “दाढ... छान चाललीय तुमची.” अशा माणसाचं करायचं तरी काय?

घरी आईच्या लक्षात आलं होतं की बुधवारी मी चांगला ड्रेस घालते. दात काढायला चाललीस की दाखवायला, एवढंच तिने विचारलं.

शेवटच्या बुधवारी कॅप बसायची होती. टेबलावर अकरावा भाग नव्हता. मावशी सुईवरची नजर न काढता म्हणाल्या, तो त्याच्या खणात असतो, कुणाला देत नाही. मी तणतणत आत गेले. तोंडात कापूस गेल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की शेवट चांगला नाही, तुम्हाला त्रास होईल, राहू द्या. मला शेवट माहीत आहे, किल्ला उडतो, असं मी कापसातून ठणकावून सांगितलं. त्यांचे हात थांबले. कोण म्हणालं, त्यांनी विचारलं. दादा, मी म्हणाले. “चांगला दादा आहे,” ते म्हणाले आणि पुन्हा कॅपकडे वळले.

कॅप बसली. नळ वाहिला.

“आता... सहा महिन्यांनी दाखवायला या.”

सहा महिने! मी पर्स उचलली, दारापाशी उगाच चप्पल दोनदा घातली. डॉक्टर चिमटे लावत होते. जिना उतरताना मला इतकं रडू आलं की मी स्वतःवरच वैतागले. एका दाढेपायी एवढं?

पुढच्या बुधवारी मी पुन्हा हजर. कॅप उंच वाटतेय, चावताना लागतेय, असं सांगितलं. डॉक्टरांनी दातांमध्ये निळा कागद धरला, चावा म्हणाले. कॅप जिथे उंच असेल तिथे निळा ठिपका उमटतो. त्यांनी पाहिलं, मशीन घरघरवलं, आणि बोलता बोलता गरुडाच्या पंखांवरून माझ्याशी भांडून घेतलं. त्याच्या पुढच्या बुधवारीही कॅप उंच होती. तिसऱ्यांदा त्यांनी निळा कागद धरला, मी चावले, त्यांनी आरसा आत घातला आणि बराच वेळ तसेच पाहत राहिले.

“ठिपका नाही,” ते हळूच म्हणाले.

पुराव्यापुढे वकिलाचं काही चालत नाही. आ वासलेल्या तोंडाने मी छताकडे बघत राहिले. धरणी दुभंगली असती तर खुर्चीसकट आत गेले असते. त्यांनी हात काढले. काहीतरी बोलतील म्हणून मी थांबले... आणि बोळे बाहेर आले होते, त्यामुळे अर्थातच ते बोलले नाहीत. त्यांनी खण उघडला, अकरावा भाग माझ्या हातात दिला आणि पुढच्या पेशंटला आत पाठवा म्हणून मावशींना सांगितलं.

मी तो बाहेरच्या बाकावर वाचला. धुराचा राजा विरून जातो. गरुडस्वार पहिल्यांदाच गरुडावरून उतरतो आणि खिडकीपाशी, तिच्या हाताच्या अंतरावर, उभा राहतो. ती खिडकी उघडते. चार पानं दोघं नुसते एकमेकांकडे बघत असतात. मग तो म्हणतो, “आज वारा बरा आहे.” आणि गरुडावर बसून निघून जातो. समाप्त.

मी तिथूनच दादाला फोन लावला. किल्ला उडत नाही, मी म्हणाले.

“वाचलास होय शेवटी,” दादा म्हणाला. “अगं भांडकुदळ, तू आठवडाभर जेवली नसतीस. म्हणून तो चेंडूवर घालवला. चेंडूही फुटका होता.”

मला दादाचा राग यायला हवा होता. आला तो गरुडस्वाराचा. दहा भाग हवेतून तोंडाचा पट्टा सुरू, आणि बोलायची वेळ आली तेव्हा मूग गिळून गप्प. आणि ही? हिला काय वाचा नव्हती? खिडकी उघडलीस ना बये, मग दोन शब्द तूही बोलायचे होतेस. हे मनात म्हणता म्हणता मला लाज वाटली, कारण मी तरी तीन बुधवार काय केलं होतं? कॅप उंच आहे म्हणाले होते.

शेवटचा पेशंट गेल्यावर मी आत शिरले. डॉक्टरांचा मास्क हनुवटीखाली होता. पहिल्यांदाच मी त्यांचा सबंध चेहरा पाहिला. त्यावर धास्ती होती.

“वाचलंत?”

“वाचलं.”

“म्हणून देत नव्हतो.” ते टेबलाकडे बघू लागले. “आज... बाहेर...”

“वाऱ्याबद्दल बोललात तर याद राखा,” मी म्हणाले.

नळाकडे त्यांची नजर गेली. मी वाट पाहिली, आणि मग मला एकदम कळलं की हा माणूस असा बोलणारच नाही. समोरच्याला उत्तर देता येत असलं की याच्या तोंडाला कुलूप. मी खुर्चीत चढून बसले. ट्रेमधले कापसाचे बोळे उचलले, एक या गालात कोंबला, एक त्या गालात. तोंड उघडलं आणि त्यांच्याकडे बोट केलं.

ते आधी हसले. मग स्टूल ओढून बसले, सवयीने मास्क वर घेतला... आणि पुन्हा खाली केला.

“तुमची कॅप कधीच उंच नव्हती,” ते म्हणाले. “मला पहिल्याच बुधवारी दिसलं होतं. मी मशीन हवेतच फिरवलं. दोन्ही वेळा.”

मी डोळे वटारले.

“मी आयुष्यभर तोंडात कापूस असलेल्या माणसांशी बोलत आलोय. सोपं असतं ते. कुणी नाही म्हणू शकत नाही.” त्यांचे कान लाल झाले होते, पण थांबले नाहीत. “तुम्ही मला आवडता. जिन्यावर तुमची पावलं वाजली की माझ्या हातून चिमटे पडतात. मला तुमच्याशी कापसाशिवाय बोलायला शिकायचंय. रोज, नुसत्या बुधवारी नाही. शिकवाल?”

मी घोटून तयार केलेले सगळे मुद्दे कुठे गेले कोण जाणे. डोळे भरून आले आणि नाक वाहू लागलं, गालांत बोळे, आणि समोर तो चेहरा...

“ओ,” मी म्हणाले.

“काय?”

“ओ!”

“नीट कळलं नाही,” ते म्हणाले, आणि डोळ्यांच्या कडेच्या त्या बारीक सुरकुत्या हलल्या. लबाड माणूस. जिना कळला होता, किल्ला कळला होता, हेच तेवढं कळत नव्हतं. मी संतापून बोळे काढायला हात घातला, तेवढ्यात बाहेरून सुया खाली ठेवल्याचा आवाज आला.

“हो म्हणतेय ती,” मावशी म्हणाल्या. “मला इथून कळलं. आता दिवे घालवू का?”