दहा गाड्यांचं अंतर

टेक्सासमधल्या अर्विंगमध्ये बर्फाच्या इशाऱ्यामुळे त्या दिवशी शाळा बंद होत्या, ऑफिसं बंद होती, विमानंही जमिनीवर होती. मराठी मंडळाचं हळदीकुंकू तेवढं चालू होतं. ते कॅन्सल करावं हे कुणाच्या मनातच आलं नाही. दुपारी बायका वाण घेऊन हॉलबाहेर पडल्या, तर उतारावरच्या पार्किंग लॉटवर बर्फाची नितळ काच चढलेली.

चारुताने गाडी सुरू केली. गाडी पुढे जायची सोडून लाजत लाजत मागे सरकली... आणि एका निळ्या गाडीच्या नाकापासून वीतभर अंतरावर थांबली.

निळ्या गाडीतून एक तरुण उतरला, दोन पावलं चालला आणि तिच्या दाराशी सपशेल बसला.

चारुताने काच खाली केली. "लागलं का हो?"

"छे. मी असाच भेटतो लोकांना," तो खालूनच म्हणाला. "केदार. हॉलमधला माइक माझ्याकडे होता. घाबरू नका, मिनेसोटाच्या बर्फात सहा हिवाळे काढलेत."

"मग तूच ने की आम्हाला!" मागच्या सीटवरून उल्काकाकू म्हणाल्या. काकूंचा गुडघा नवा होता आणि त्यांच्या घरी वरच्या मजल्यावर चारुता भाड्याने राहायची. सकाळी काकांनी तिला एवढंच बजावलं होतं, "हिला अख्खी परत आण गं."

"मी? नको नको..." तो घाईघाईने म्हणाला. "मी पुढे राहतो, तुम्ही माझ्या चाकांच्या खुणांवरून या. पण आधी चाकाखाली काहीतरी खरखरीत हवं. वाळू वगैरे."

"डिकीत रांगोळी आहे," काकू म्हणाल्या. "गुलाबी चालेल ना?"

चालली. रांगोळीवर चाकांनी पकड घेतली. केदारने काकूंचा पत्ता आणि चारुताचा नंबर घेतला आणि आपली गाडी पुढे काढली.

"आता फोन स्पीकरवर ठेवा," निळ्या गाडीतून फोनवर आवाज आला, "आणि माझ्यापासून लांब राहा."

"पहिल्याच भेटीत?"

"दहा गाड्यांचं अंतर. आणि ब्रेकवर नाचायचं नाही. बर्फावर ब्रेक जोरात एकदाच दाबतात... आयुष्यात."

चारुताला हसू आलं.

"पुढे पूल आहे," तो म्हणाला. "पूल रस्त्याआधी गोठतो, खालूनही वारा लागतो ना. पुलावर काही करायचं नाही. ना ॲक्सिलरेटर, ना ब्रेक, ना विचार."

ती पुलावर आली, आणि गाडीचं शेपूट अलगद उजवीकडे निघालं.

"केदार!"

"पाय काढा! ब्रेक नको! शेपूट जातंय त्याच बाजूला स्टिअरिंग... हळू... हळू..."

"केदार," मागून काकूंनी शांतपणे विचारलं, "लग्न झालंय का रे तुझं?"

"काकू, आत्ता?"

"साधा प्रश्न आहे."

"नाही झालं हो!"

गाडी सरळ झाली. स्टिअरिंगमुळे की उत्तरामुळे, हे चारुताने पुढेही कधी कबूल केलं नाही.

घराच्या दारात काका उभे होते. काकूंना धरून त्यांनी आत नेलं, अख्ख्या. चारुताचे हात मात्र स्टिअरिंग सोडेनात. मग एकदम सुटले, आणि ती हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

खाली उतरून पाहते तर केदार आपल्या गाडीला टेकून उभा. त्याने दोन्ही हातांनी गाडीचा आरसा घट्ट धरला होता.

"मिनेसोटात कुठली गाडी चालवायचात?"

"बस."

"बस चालवायचात?"

"बसने जायचो... ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर. सहा हिवाळे बघून बघून पाठ झालं."

"म्हणजे बर्फावर तुम्ही आज—"

"पहिल्यांदाच. तुम्ही मागे होतात, म्हणून थांबता येईना."

"आणि हे आधी सांगावंसं वाटलं नाही?"

"सांगितलं असतं तर निघाला असतात?"

चारुताने विचार केला. नसती निघाली. हॉलमध्ये कुंकवाच्या कोयऱ्या मोजत बसली असती, आणि हा... हा भेटलाच नसता.

"अरे, पूल बंद केलाय म्हणे!" आतून काकांनी हाक दिली. "आज इथेच राहा. चहा टाकलाय."

दारापर्यंतची पायवाट आरशासारखी चकाकत होती. केदार तिच्यामागे अदबीने पार लांब उभा राहिला.

"तिथे काय करताय?"

"दहा गाड्यांचं अंतर..."

"ते गाड्यांना," चारुताने हात पुढे केला. "धर. नाहीतर पुन्हा बसशील."

त्याने धरला. पायवाट जेमतेम वीस पावलांची होती, पण दोघांनी ती फार म्हणजे फारच सावकाश पार केली. बर्फाचे नियमच तसे कडक असतात.