कुकरची रिंग आणि फुटाणा

टेक्ससमधल्या अर्विंगच्या देशी किराणा दुकानात, भांड्यांच्या फळीवर पाच लिटरच्या कुकरची एकुलती एक रिंग उरली होती आणि तिच्यावर एकाच क्षणी दोन हात पडले. एक हात नेत्राचा. दुसरा एका उंच, चष्मेवाल्या मुलाचा, ज्याच्या बुटाच्या टाचेचा कुणीतरी चांगलाच लचका तोडला होता.

“घ्या तुम्हीच,” तो हात मागे घेत म्हणाला. “मला काय, महिन्याला तीन लागतात...”

महिन्याला तीन रिंगा लागायला हा माणूस रोज कुणाची पंगत उठवतो, असं नेत्राच्या मनात आलं. नागपूरची होती ती. मनातलं ओठांवर यायला तिला कधी वेळ लागत नसे. तिने विचारूनच टाकलं.

“शिजवायला नाही हो. माझ्या घरी एक जण रिंगच खातो.”

त्याने फोन पुढे केला. फोटोत लांबुडका, लोकरी अंगाचा, डोळ्यांवर काळी पट्टी बांधल्यासारखा एक प्राणी तोंडात लाल स्लिपर धरून बसला होता. फेरेट. मुंगसाच्या आडनावात शोभेल असा, फक्त मुंगसाचा दरारा अजिबात नाही. आनंद झाला की चारी पायांवर टणाटण उडायचा, म्हणून नाव फुटाणा. वय सहा महिने, आणि रबर दिसलं की चावायचं हा एकच उद्योग.

काउंटरवर सुमित्रामावशी होत्या. त्यांना अख्ख्या अर्विंगची खबर असे. “अरे शंतनू, तू तर सकाळीच—” असं त्या म्हणू लागल्या, तेवढ्यात त्याने घाईघाईने कोथिंबिरीची चौकशी केली. मग त्यांनी विषय बदलला आणि दोघं एकाच कॉम्प्लेक्समध्ये राहतात हे परस्पर जाहीर करून टाकलं. नेत्रा बी बिल्डिंगमध्ये, तो डी मध्ये. बाहेर वारा सुटला होता, पार्किंगमध्ये पोहोचेपर्यंत तिची ओढणी दोनदा त्याच्या खांद्यावर गेली आणि दोन्ही वेळा त्याने ती परत करताना जरा जास्तच वेळ लावला.

पुढच्या शनिवारी ती फुटाणा बघायला गेली. त्याच्या पुढच्या शनिवारीही गेली. तिसऱ्या शनिवारी ‘तुम्ही’ गळून ‘तू’ कधी आलं, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. शंतनू पुण्याचा, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. एकटेपणा घालवायला प्राणी आणला आणि आता त्या प्राण्यापायी एकटं बसायची सोय राहिली नाही, असं त्याचं म्हणणं होतं. रिमोटची बटणं, इअरबड्सची टोकं, बुटातले सोल, काही म्हणता काही शिल्लक नव्हतं. दोघांनी मिळून घर फुटाण्यापासून वाचवायचा घाट घातला. जमिनीवर पालथं झोपून, फोनचा टॉर्च लावून, सोफ्याखाली काय काय त्याच्या तोंडी लागेल ते शोधायचं. एकदा त्या सोफ्याखाली दोघांनी एकाच वेळी मान वळवली आणि नाकाला नाक लागता लागता राहिलं.

“इथे... धूळ फार आहे,” शंतनू म्हणाला.

“हो ना,” नेत्रा म्हणाली. दोघंही जागचे हलले नाहीत. शेवटी फुटाण्यानेच येऊन तिच्या केसांतलं रबर पळवलं.

नियम ठरले. शंतनूने ते सुवाच्य अक्षरात लिहून फ्रिजवर लावले. स्लिपर कपाटात. रिमोट वरच्या फळीवर. पिंजऱ्याबाहेर असेल तेव्हा त्याच्यावर सतत नजर. आणि चौथा: कुकरची रिंग धुऊन, पुसून, फ्रिजवरच्या स्टीलच्या डब्यात. त्याच्याकडची रिंग कुठून आली, हे तिने एकदा विचारलं होतं. मिळाली एका ठिकाणी, एवढंच तो म्हणाला.

सगळं छान चाललं होतं. फक्त एक आन्या होती.

डॉक्टर आन्या फुटाण्याची डॉक्टर. जन्म डॅलसचा, आईबाप सांगलीचे. ती “फुटाणा चांगली आहे ना?” असं विचारी आणि शंतनूला त्याचं भारी कौतुक. तिचं मराठी चुकलं की हा हसे. नेत्राने मीठ विसरलं तर मात्र लगेच सांगे. आन्या म्हणते, वर्षाच्या आतले फेरेट रबर आणि फोम गिळतात. आन्या म्हणते, तो तुकडा आतड्यात अडकला की एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. आन्या म्हणते, जेवण सोडलं, दात खाल्ले, तोंडावर पंजा घासला की थेट ये, घरचे उपाय नकोत. एका जेवणात ‘आन्या म्हणते’ हे किती वेळा येतं ते नेत्रा हल्ली मोजू लागली होती. सात हा उच्चांक होता.

तिला स्वतःची लाज वाटायची. पण फोन वाजला आणि पडद्यावर ते नाव दिसलं की हातातली वाटी जरा जोरातच ठेवली जायची, त्याला ती काय करणार. आन्या एकदा फुटाण्याचं वजन बघायला घरी येऊन गेली होती. उंच, मोकळी, हसताना डोकं मागे टाकणारी. तिने नेत्राला प्रेमाने मिठीही मारली होती, आणि त्यामुळे तर तिचा राग करायचीही सोय उरली नव्हती.

त्या रविवारी नेत्राने शंतनूकडे वरणभाताचा कुकर लावला. बराच वेळ झाला तरी शिट्टी होईना. झाकणाच्या कडेने वाफ फुसफुसत होती. तिने गॅस बंद केला, झाकण उघडलं आणि रिंग हातात घेतली. एका बाजूने बोराएवढा तुकडा गायब होता.

आणि मग तिला आठवलं. आदल्या दिवशी भांडी तिनेच घासली होती. रिंग धुतली आणि... नागपूरच्या घरी आई जशी अडकवते तशीच, हाताच्या सवयीने, ओट्याखालच्या सगळ्यात खालच्या खणाच्या मुठीला वाळत लावली. जमिनीपासून वीतभर उंचीवर. स्टीलच्या डब्याची आठवण झाली नव्हती. आज कुकर लावताना रिंग तिथूनच उचलून तिने न बघता बसवली होती.

ती हाक मारणारच होती. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून शंतनूचं हसणं ऐकू आलं. फोनवर आन्या होती. तो असा मनापासून हसत होता की नेत्राने हाक मारलीच नाही. सांगितलं तर हा आत्ता, जेवण टाकून, तिच्याकडे पळणार. ती याच्या पाठीवर हात ठेवणार. आणि चूक माझी, हे तिच्यासमोर उघडं होणार. आधी दोनदा त्याने रिंग चावली तेव्हा तुकडे सोफ्यामागे सापडलेच होते की, नेत्राने स्वतःला समजावलं. तिने रिंग कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकली, भात पातेल्यात शिजवला आणि जेवणानंतर सोफ्यामागे हळूच पाहिलं. तुकडा नव्हता.

सोमवारी तिचं ऑफिसच्या कामात लक्ष लागलं नाही. मंगळवारी दुपारी शंतनूचा फोन आला. फुटाणा सकाळपासून जेवला नाही, कोपऱ्यात पडून आहे, दात करकर खातोय.

“आन्याने विचारलं, रबर पोटात गेलंय का. मी म्हटलं शक्यच नाही, नेत्रा स्वतः बघते सगळं. ती म्हणते मग संध्याकाळपर्यंत वाट बघू...”

नेत्रा लॅपटॉप उघडाच टाकून निघाली. बी बिल्डिंगमधून डी मध्ये जाईपर्यंत तिला धाप लागली होती. दार उघडताच तिने पर्समधली रिंग काढून त्याच्या हातावर ठेवली.

“रविवारपासून माझ्याकडे आहे. मीच खाली वाळत लावली होती. आत्ता निघ, मी गाडी काढते.”

त्याने रिंगेकडे पाहिलं, मग तिच्याकडे. टॉवेलमध्ये गुंडाळलेला फुटाणा छातीशी धरून तो जिना उतरला.

आभाळ हिरवट काळं झालं होतं. हायवेला लागताच गारा सुरू झाल्या, आधी हरभऱ्याएवढ्या, मग लिंबाएवढ्या. बाकीच्या गाड्या पुलाखाली आडोशाला थांबल्या होत्या. नेत्राची गाडी दोन महिन्यांची, तिला तिने आजवर छपराबाहेर एक संध्याकाळही उभं केलं नव्हतं. टपावर ताडताड आवाज होत होता आणि ती वेग कमी-जास्त करत, ओठ दाबून, पुढे जात राहिली.

आन्याने एक्स-रे पाहिला आणि दहा मिनिटांत ऑपरेशनची तयारी केली. रिंग मागून घेतली, कशासाठी ते सांगितलं नाही. वेटिंग रूममध्ये शंतनू एक खुर्ची सोडून बसला. मधली ती रिकामी खुर्ची नेत्राला बघवेना.

“मला वाटलं नव्हतं की त्याने गिळलं असेल,” ती म्हणाली. मग थांबली. “खोटं. वाटलं होतं. पण तू बाहेर फोनवर तिच्याशी हसत होतास. सांगितलं असतं तर तू तिच्याकडे गेला असतास, आणि मला ते नको होतं. मला तू आवडतोस, शंतनू. खूप. आणि त्या जळफळाटात मी त्या मुक्या जिवाला...”

काचेवर गारांचं पाणी ओघळत होतं. शंतनू स्वतःच्या चावलेल्या बुटाकडे बघत राहिला.

“ह्या दोन गोष्टी एकदम का सांगितल्यास?” तो शेवटी म्हणाला. “एक आधी सांगितली असतीस तर मी किती खूश झालो असतो. आता मला फक्त राग येतोय.”

“येऊ दे,” नेत्रा म्हणाली.

तासाभराने आन्या बाहेर आली. एका हातात ट्रे, दुसऱ्या हातात रिंग. ट्रेमधला काळा तुकडा तिने रिंगेच्या खाचेत बसवून दाखवला, तो बरोब्बर बसला. सगळं निघालं, आत काही राहिलं नाही हे रिंग होती म्हणून खात्रीने कळलं, असं ती म्हणाली. फुटाणा वाचला होता. आणखी रात्र गेली असती तर सांगता आलं नसतं, हेही तिने लपवलं नाही.

शंतनू त्याला बघायला आत गेला, तशी आन्या त्या रिकाम्या खुर्चीवर बसली.

“Technician ने ऐकलं, तू त्याला काय सांगितलं,” ती हळू आवाजात म्हणाली. “Sorry, भिंती thin आहेत. पण तुला चुकीचं नव्हतं वाटलं, नेत्रा. मला तो आवडला होता. मी त्याला कॉफीला विचारलं पण. तो म्हणाला शनिवार जमणार नाही, नेत्रा येते, आम्ही सोफ्याखाली बघतो.” ती हसली, या वेळी डोकं मागे न टाकता. “कॉफीपेक्षा सोफ्याखाली. Come on.”

नेत्राला एकाच वेळी हसू आणि रडू आलं. तिने आन्याचा हात घट्ट धरला आणि जरा वेळ सोडलाच नाही.

घरी आल्यावर फुटाण्याला चार-चार तासांनी पातळ खाणं भरवायचं होतं. शंतनू बोलत नव्हता, पण मेसेज येत होते: “सहाला तू.” “दहाला मी.” नेत्रा वेळेवर जायची, मांडीवर घेऊन बोटाने चाटवायची, आणि निमूट परत यायची. तिसऱ्या दिवशी मेसेजमध्ये एक शब्द वाढला: “सहाला तू, चहा?” तो एक शब्द तिने ऑफिसात पाच वेळा वाचला.

शनिवारी ती आली ती पाकीट घेऊनच. दुकानातली ती शेवटची रिंग तिने अजून फोडलीही नव्हती. तिने कुकर लावला. पोटावरचे केस भादरलेला फुटाणा पिंजऱ्यातून बघत होता. पहिली शिट्टी झाली तसा तो दचकला आणि मग किती दिवसांनी एकदा, अर्धवट का होईना, उडाला. दोघांनी एकदम एकमेकांकडे पाहिलं.

शंतनूने पेन घेतलं आणि फ्रिजवरच्या कागदावर पाचवा नियम लिहिला: मनात आलेलं त्याच दिवशी सांगायचं.

“हा फुटाण्यासाठी?” नेत्राने विचारलं.

“आपल्यासाठी.”

“मग ऐक. आज आन्याचा फोन आला तेव्हा मी परत थोडी... जळलेच. सांगून टाकलं.”

“थोडं चालेल,” तो म्हणाला. मग चष्मा काढून उगाचच पुसू लागला. “माझंही एक राहिलंय. दोन महिने उशीर झालाय त्याला. त्या दिवशी दुकानात मला रिंग नको होती. तिसरी मी सकाळीच नेली होती. संध्याकाळी दूध घ्यायला आलो, तू फळीकडे हात करताना दिसलीस... आणि मीही केला.”

सुमित्रामावशींचं ते अर्धवट वाक्य नेत्राला आत्ता पूर्ण ऐकू आलं. ती त्याच्यापाशी गेली आणि त्याच्या हातातला चष्मा काढून घेतला. मागे दुसरी शिट्टी झाली, मग तिसरी, मग चौथी, आणि गॅस बंद करायला कुणीच गेलं नाही.