खाली ठेवलेला द्रोण

रुपी माठाशी वाकली, तोच पलीकडून कुणीतरी तांब्या पुढं केला.

"आधी पायांवर ओत, बाई. तुझ्या पोशेऱ्याची सगळी धूळ घेऊन आलीस."

तिनं वर पाहिलं. देवजी! कानशिलावर दोन-चार केस पांढरे झालेले... पण डोळे तेच. फळा सोडून तिच्या वेणीकडं बघणारे.

"तुझ्या साखरशेतच्या शाळेतली धूळ पांढरी असते काय, मास्तर?"

तो हसला. ती नाही हसली. हसायलाही अंगात जीव लागतो. एसटी आलीच नव्हती. पहाटेपासून चालून टाचा फुटल्या होत्या.

सत्तेचाळीस साली सातवी झालेली पोरं दहा वर्षांनी जव्हारच्या जुन्या शाळेत जमली होती. आत कुणी पुढारी भाषण ठोकत होता. संस्थान विलीन झालं, डोंगरातल्या माणसाचं सोनं झालं! बोलणाऱ्याच्या पायात करकरीत वहाणा होत्या. सोनं झालेले लोक अनवाणी बसून ऐकत होते.

"चल, मागं बसू," देवजी म्हणाला. "हे काय लवकर संपत नाय."

दोघं मागच्या पायरीवर बसली, मध्ये हातभर अंतर ठेवून. वाऱ्याला ताज्या पेंढ्याचा वास होता.

"लग्न केलंस?" तिनं सरळच विचारलं.

"नाय. तू?"

"सोमवारी खोडाळ्याचे पाव्हणे येतायत. बिजवर आहे, दोन पोरं. बाप गेल्यापासून भावाच्याच मनावर सगळं. त्यानं हो म्हटलंय... मीपण म्हणेन. दमले मी, देवजी. नाय म्हणून म्हणून दमले."

देवजीनं पायरीवरची काडी उचलून मोडली. मग म्हणाला, "मला तुझ्या बापानं उठवून लावलं होतं."

रुपी सर्रकन वळली. "उठवून लावलं? द्रोण खाली कुणी ठेवला?"

सहा वर्षांपूर्वी देवजीकडची माणसं तिला मागायला आली होती. अंगणात म्हातारे बसले, मोहाच्या दारूचा पानाचा द्रोण फिरला. रीत अशी, की मुलानं तो ओठांना लावला तर मुलगी पसंत, खाली ठेवला तर नको. देवजीनं तो सगळ्यांदेखत खाली ठेवला होता. रुपी दाराआड उभी होती.

"माझा बाप प्यायला, मामा प्यायला. मला वाटलं, तेवढ्यानं भागलं," तो म्हणाला. "दारूबंदी नुकती आलेली. त्याच सकाळी मी शाळेत पोरांना शपथ दिली होती, दारूला शिवणार नाय म्हणून. दुसऱ्या दिवशी कुठल्या तोंडानं जाऊ त्यांच्यापुढं?"

"मग तसं सांगायचंस! बोलणार नाय अशीपण शपथ घेतली होतीस काय?"

"सगळे ताडकन उठले. मला वाटलं, न पिणारा जावई नको तुम्हाला."

"आणि मला वाटलं..." तिनं तोंड फिरवलं. "सहा वर्षं शिव्या दिल्या तुला. रोज. पोशेऱ्याच्या शाळेत नोकरीला लागले, तिथं घंटा वाजवतानासुद्धा."

"तरीच. उचक्या काय थांबायला तयार नव्हत्या."

आता मात्र तिला हसू आलं. दमलेलं, ओलं.

कमू दारातून डोकावली. वर्गात मुली दोनच होत्या, त्यातली दुसरी ही. "काय गं, मास्तर धडा घेतायत वाटतं? या आत, भाषण संपलं की फोटो काढायचाय!"

"तू बस दोघींच्या जागेत," रुपी म्हणाली. कमू डोळे मिचकावत गेली.

"सोमवारच्या आत येतो," देवजी घाईनं बोलला. "मामाला घेऊन, रीतीनं—"

"मामा नको. कुणी म्हातारा नको. एक दुपार अंगणात बसून माझी सहा वर्षं खाल्ली त्यांनी. आत्ता चल, एकटा. भावाला तुझ्या तोंडानं सांग."

"काय सांगू?"

"तेपण मीच शिकवू?"

तो पायरीकडं बघत पुटपुटला, "मला तू हवीस, रुपी."

"ऐकू नाय आलं. आतला भोंगा फार ओरडतोय."

"मला तू हवीस!" तो एवढ्यानं म्हणाला, की आतलं भाषण क्षणभर अडखळलं.

साखरशेतहून सोबत आलेल्यांना 'माझी वाट बघू नका' एवढं सांगून तो आला. खिडक्यांतून डोकी बाहेर आली होती. बघेनात का!

"हळू चल," फाटकापाशी ती म्हणाली. "पाय उचलत नाय."

"माझेपण."

तिनं भर रस्त्यात त्याचा दंड धरला, आणि अंगाचा सगळा भार त्याच्यावर टाकून दिला.